कंदिलात १४४ दिवे आणि प्रत्येकाचा रंग वेगळा, हे नेमकं चालतं कसं

गेल्या दिवाळीत बाबांनी दरवर्षीसारखा कामट्यांचा कंदील बांधायला घेतला, सहा बाजूंचा, ४० सेंटिमीटर उंच, खाली झिरमिळ्या, आणि मला म्हणाले, "यंदा आत बल्ब नको गं, ते तुझं रंग बदलणारं काहीतरी घाल." त्यांच्या डोक्यात बाजारातली तयार रिमोटवाली पट्टी होती, चिकटवली की झालं. मला तीन रविवार लागले. आणि गंमत म्हणजे ज्याची मला धास्ती होती ते प्रोग्रॅमिंग वीस मिनिटांत उरकलं, बाकी सगळा वेळ गेला करंटच्या भानगडीत आणि दिवा कागदापासून किती लांब ठेवायचा यात. म्हणून इथेही त्याच दोन गोष्टींवर जास्त लिहिणारे.

आधी पट्टी कुठली ते. बाजारात रंगीत एलईडी पट्ट्या दोन जातीच्या मिळतात आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. एक ती १२ व्होल्टची, चार वायरींची, रिमोटवाली. तिच्यात लाल, हिरवा, निळा असे तीन रंग असतात पण सगळी पट्टी एकदमच लाल होते, एकदमच निळी होते, मधलाच एक दिवा हिरवा कर म्हटलं तर ते तिच्या बापाला जमणार नाही. दुसरी जात म्हणजे जिला दुकानात 'पिक्सल' म्हणतात. गणपतीच्या डेकोरेशनवाल्यांकडे जे पळते-नाचते दिवे असतात ते याच कुळातले, त्यांच्याकडे मेमरी कार्ड घालायचा एक डबा असतो त्यावर आधीच बनवलेलं डिझाइन वाजत राहतं. आपल्याला हवी ती ही पिक्सलवाली. ओळखायची खूण सोपी, पट्टीच्या कापायच्या खुणेवर तांब्याचे तीनच ठिपके असतात, एक ५ व्होल्टचा, एक ग्राउंडचा म्हणजे निगेटिव्हचा आणि मधला डेटाचा, आणि शेजारी एक छोटासा बाण छापलेला असतो. तो बाण लक्षात ठेवा, त्याने माझी अख्खी एक दुपार खाल्ली, सांगते पुढे. आमच्याकडे पुण्यात तपकीर गल्लीत फिरलं की मिळते, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. चिपचं नाव डब्ल्यूएस२८१२बी.

पट्टी हातात आली की आधी बाबांचं घड्याळं बघायचं भिंग घेऊन बसले. एक दिवा म्हणजे ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरची पांढरी डबी. आत बघितलं तर तीन अगदी बारीक ठिपके, हे लाल-हिरवा-निळा, आणि त्यांच्या बाजूला चौथा एक गडद चौकोन आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक तारा. तो चौथा चौकोन म्हणजे कंट्रोलर चिप. म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतःचं डोकं आहे, सगळी जादू त्या चौथ्या चौकोनात आहे.

आता प्रश्न असा की डेटाची वायर तर एकच, मग १४४ दिव्यांपैकी सत्तराव्याला कसं कळतं की जांभळं व्हायचंय ते तूच? मला आधी वाटायचं प्रत्येक दिव्याला नंबर असेल, घराला असतो तसा. तसं काही नाहीये. कुणालाच नंबर नाही, नाव नाही, पत्ता नाही.

सत्यनारायणाच्या पूजेनंतर माणसं ओळीत बसलीयत आणि प्रसादाची ताटली एका टोकाने फिरतेय असं डोळ्यासमोर आणा. ताटलीत पेढे एकावर एक रचलेले, वरचा केशरी, त्याखालचा पांढरा, मग हिरवा, क्रम आधीच ठरलेला. नियम एकच, सगळ्यात वरचा एक उचलायचा आणि ताटली पुढे सरकवायची. पहिल्याला केशरी मिळतो, दुसऱ्याला पांढरा, तिसऱ्याला हिरवा, आणि सत्तरावा माणूस कोण हे ताटलीला माहीतच नसतं, त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर वरचे ६९ संपलेले असतात एवढंच. पट्टीत डिट्टो हेच होतं. पट्टीला हुकूम देणारा बाहेरचा छोटा बोर्ड, म्हणजे मुख्य कंट्रोलर, सगळ्या १४४ रंगांची माहिती एकामागे एक सोडतो, पहिला दिवा पहिले २४ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १) ठेवून घेतो, उरलेले पुढच्याला देतो. २४ कशाचे तर हिरव्याचे ८, लालचे ८, निळ्याचे ८, याच क्रमाने, हिरवा आधी. म्हणूनच पहिल्यांदा जोडल्यावर लाल मागितला की बऱ्याचदा हिरवा लागतो आणि माणूस घाबरतो. सेटिंगमधे क्रम बदलायचा, बास.

आणि एक, पेढा हातात आला म्हणून कुणी लगेच तोंडात टाकत नाही. ताटली फिरायची थांबली, जरा शांतता झाली, की सगळे एकदम खातात. ही शांतता म्हणजे डेटाच्या वायरीवरचा छोटासा गॅप, जुन्या चिपला ५० मायक्रोसेकंद पुरायचा, नव्यांना २८० च्या वर लागतो. तो गॅप आला की सगळे दिवे एकाच क्षणी नवा रंग दाखवतात, म्हणून रंग ओळीने सरपटत गेल्यासारखा न दिसता एकदम पालटतो.

वेग किती? एक बिट पाठवायला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. बिट ० आहे का १ हे वायर किती वेळ 'चालू' राहिली त्यावरून ठरतं, साधारण ०.४ मायक्रोसेकंद चालू राहिली तर ०, ०.८ राहिली तर १. तारायंत्राच्या मोर्स कोडमधल्या डॉट-डॅश सारखंच, फक्त सेकंदाला ८ लाख. २४ बिट म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, १४४ दिव्यांना ४.३ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला दोनशे वेळा अख्खा कंदील नव्याने रंगवता येतो. डोळ्याला २५-३० पण खूप झाले.

या ताटलीवाल्या पद्धतीतून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, शंभरावा दिवा बदलायचा असेल तर आधीच्या ९९ जणांचा रंग पण परत पाठवावा लागतो, ताटली मधेच उतरवता येत नाही. दुसरी, प्रत्येक चिप पुढे देताना सिग्नल नव्याने ताजा करून देते, त्यामुळे दिव्यागणिक तो क्षीण होत नाही. तिसरी वाईट, मधला एक जण झोपला की ताटली तिथेच अडते आणि त्याच्यापुढचे सगळे उपाशी. माझ्या पट्टीचा ५३ वा दिवा दुसऱ्या दिवशी गेला आणि ५४ पासून शेवटपर्यंत अंधार. घाबरायचं नाही, अशावेळी मेलेला हा शेवटच्या पेटलेल्याच्या लगेच पुढचा असतो, किंवा शेवटच्या पेटलेल्यानेच पुढे द्यायचं थांबवलेलं असतं, दोघांतला एक. तेवढा तुकडा कापला, नवा एक दिवा सोल्डर मारून बसवला, झालं.

आणि तो बाण. ताटली एकाच दिशेने फिरते. मी पट्टीचे २४-२४ दिव्यांचे सहा तुकडे कापले, पीव्हीसीच्या अडीच इंची पाइपवर उभे चिकटवले, कंदिलाच्या एकेका बाजूला एकेक, आणि डेटा नागमोडी नेला, म्हणजे पहिली पट्टी खालून वर, दुसरी वरून खाली, तिसरी परत खालून वर. अशाने वायर कमी लागते. फक्त पट्टी चिकटवताना बाण बघूनच लावायला हवी, आणि मी सहाच्या सहा पट्ट्यांचे बाण मोठ्या शिस्तीत वरच्या दिशेने ठेवले. छान एकसारखं दिसत होतं. पहिली पट्टी लागली, दुसरी ढिम्म. दोन तास मी सोल्डर तपासतेय, वायर बदलतेय, मल्टिमीटर लावतेय, शेवटी भाचा येऊन म्हणाला, "मावशी, हा बाण उलटा नाहीये का?" तीन पट्ट्या सोलून परत लावल्या. मागचा डिंक एकदा सोलला की नंतर नीट धरत नाही, तिथे झिप टाय बांधले.

रंगाबद्दल थोडं. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तीन रंग मिळून १ कोटी ६७ लाखांच्या वर रंग होतात हा आकडा खोक्यावर मोठ्ठा छापलेला असतो, त्याला फार भाव देऊ नका. पायरी कमी-जास्त कशी करतात तर दिवा मंद होत नसतो, तो प्रचंड वेगाने चालू-बंद होत असतो, जास्त वेळ बंद ठेवला की आपल्याला मंद वाटतो. मोबाइलने व्हिडिओ काढला की काळे पट्टे सरकताना दिसतात ते यामुळेच, दिवा खराब नाहीये. दुसरं म्हणजे आपला डोळा मुलखाचा लबाड आहे. २५५ चा निम्मा १२८ केला तर उजेड निम्मा वाटत नाही, किंचितच उतरल्यासारखा वाटतो, आणि खाली १० वरून ९, ९ वरून ८ करताना मात्र झटके दिसतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमधे गॅमा करेक्शन नावाचं एक बटण असतं, ते चालू ठेवायचं, मग मंद होणं डोळ्याला सरळ वाटतं.

पांढरा या पट्टीचा मला अजिबात आवडत नाही. लाल-हिरवा-निळा पूर्ण लावून जो पांढरा बनतो तो निळसर, दवाखान्यातल्यासारखा. ज्यांना पांढराच हवाय त्यांनी चौथा पांढरा दिवा असलेली एसके६८१२ ची पट्टी घ्यावी. कंदिलाला हवा असतो पणतीचा रंग, तो मला बऱ्याच खटपटीनंतर लाल २५५, हिरवा १२०, निळा २० ला सापडला. कागदामागून बघून ठरवायचा हं, उघड्या दिव्याकडे बघून ठरवलात तर चुकणार.

आता करंट. इथे मन लावून वाचा कारण पट्ट्या जळतात त्या इथे. एका दिव्यातला एकेक रंग पूर्ण पेटला की साधारण २० मिलिअँपिअर घेतो, तिन्ही मिळून ६०. एवढंसं वाटतं. १४४ ने गुणा, ८.६४ अँपिअर. आपल्या मोबाइलचा साधा चार्जर ५ व्होल्टला २ अँपिअर देतो. म्हणजे चार चार्जरचा जीव पुरणार नाही एवढी भूक आहे या कंदिलाची, आणि व्होल्ट फक्त पाच म्हणून आपण बेफिकीर असतो. शॉक बसत नाही हे खरं, पण ८-९ अँपिअर बारीक वायरीतून गेले की वायरीचं प्लॅस्टिक वितळतं, आणि आपण ती कागदाच्या कंदिलात लोंबकळत ठेवणार आहोत.

मग काय, ४३ वॉटचा सप्लाय, म्हणजे २३० चे ५ व्होल्ट करणारा डबा, घ्यायचा? नाही, भूकच कमी करायची. पणतीचा तो रंग बघा, लालचे २०, हिरव्याचे साडेनऊ, निळ्याचे दीड, मिळून एका दिव्याला ३१ मिलिअँपिअर, पांढऱ्याच्या निम्मेच. वर ब्राइटनेस ४० टक्क्यांवर आणला तर सगळा कंदील पावणेदोन-एक अँपिअरवर येतो, म्हणजे नऊ वॉट. आणि खरं सांगते, काळोख्या गॅलरीत ४० टक्के पण भरपूर होतं, १०० टक्क्यांवर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा फोन येईल. सॉफ्टवेअरमधे करंटची मर्यादा घालता येते, मी ३ अँपिअर घातली, मग कुणी भाच्यासारखा येऊन फुल पांढरा लावला तरी ते आपोआप मंद करतं. पण ही मर्यादा मोजून ठरत नाही, रंगांच्या आकड्यांवरून बेरीज करून अंदाज बांधला जातो. शॉर्ट झाला तर सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ५ अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्हवर हवाच.

सप्लाय घेताना लेबलवर आंधळा विश्वास नको. मी आणलेल्या पहिल्या सप्लायवर ५ व्होल्ट १० अँपिअर असं ठसठशीत होतं, ४ अँपिअरवर अर्धा तास चालवला तर हात ठेववेना आणि मल्टिमीटर ४.३ व्होल्ट दाखवायला लागला. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणे वापरलाय तुम्ही. दुसरा जाडसर, वजनदार बघून आणला, तो वर्षभर ठीक आहे. आपल्या गरजेपेक्षा निदान २०-३० टक्के जास्तीचा घ्यायचा आणि तासभर पूर्ण लोडवर चालवून बघायचा, तोही कागद लावायच्या आधी.

पहिल्या रविवारी संध्याकाळी सगळं पेटवलं, फुल पांढरा लावला, आणि बाबा लगेच म्हणाले, "ही एक बाजू अशी कावीळ झाल्यासारखी का दिसतीय?" सहावी पट्टी खरंच पिवळट होती, पाचवी थोडी कमी. पट्टी खराब नव्हती. मी करंट फक्त पहिल्या पट्टीच्या तोंडाशी दिला होता आणि तिथून पुढे नागमोडी. पट्टीतलं तांबं म्हणजे कागदाएवढा पातळ थर, त्यातून जाता जाता व्होल्टेज गळतं. चाळीत एकाच पाइपवर सगळ्यांचे नळ असले की पहिल्या खोलीत बादली धो धो भरते आणि शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार, तसंच.

पण पिवळंच का, नुसतं मंद का नाही? तर लाल एलईडीला पेटायला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज कमी पडलं की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा, लाल सगळ्यात चिवट. पांढऱ्यातून निळा वजा केला की उरतो पिवळा. हा निळा एलईडी तसा पहिल्यापासूनच हट्टी, लाल १९६२ मधेच बनला होता, पण चांगला उजेड देणारा निळा बनायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो नसता तर ही पट्टीही नसती आणि घरातला एलईडी बल्बही नसता.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. पाइपच्या वरच्या तोंडाशी जाड वायरीची दोन कडी केली, एक पॉझिटिव्हचं, एक ग्राउंडचं, आणि तिथून सहाही पट्ट्यांना स्वतंत्र जोड दिला. डेटा मात्र तसाच एकातून दुसऱ्यात. बारा सोल्डर जास्तीचे, पण कावीळ गेली.

पुढची गळती वायरीत. सप्लाय हॉलमधे ठेवायचा आणि कंदील गॅलरीत, अंतर ५ मीटर, जायची आणि यायची धरून वायर १० मीटर. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीला १० मीटरमागे साधारण ०.१७५ ओहम रेझिस्टन्स, ३ अँपिअरने अर्धा व्होल्ट तिथेच गेला. म्हणजे पाचाचे साडेचार, चालतं. हेच जर चार्जरच्या केबलमधल्या बारीक, ०.२ च्या वायरीने केलं असतं तर अडीच व्होल्टच्या वर गेले असते आणि कंदिलाला उरले असते अडीच, म्हणजे अंधार आणि गरम वायर. अंतर याहून जास्त असेल, समजा खालच्या मजल्यावरून गच्चीत, तर १२ व्होल्ट न्यायचे आणि कंदिलापाशी छोटा बक कन्व्हर्टर लावून त्याचे ५ करायचे. वॉट तेवढेच पण करंट निम्म्याहून खाली येतो, मग गळती पण तशीच उतरते. वीज कंपनीवाले लांबच्या अंतरावर उंच टॉवरवरून लाखभर व्होल्टची लाइन नेतात त्यामागचं गणित हेच.

एक फायदा बोलता बोलता राहिला. जुन्या पद्धतीत आपण बल्बचा होल्डर म्हणजे २३० व्होल्ट त्या ओल्या कागदाच्या कंदिलात टांगतो. इथे बाहेर जातात फक्त ५ व्होल्ट, २३० घरातच राहतात. फक्त ते पत्र्याचे जाळीवाले सप्लाय असतात ना, त्यांचे २३० चे स्क्रू उघडेच असतात, त्याला डब्यात बंद करा, अर्थिंग जोडा आणि ते काम येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, इथे हौस नको.

आता ती कटकट, जिच्यामुळे बरेच जण पट्टी फेकून देतात. टेबलावर सगळं मस्त चालतं आणि टांगल्यावर दिवे मनाला येईल तसे लुकलुकायला लागतात. कारण भाषेचं आहे. पट्टी ५ व्होल्टवर चालते आणि तिचा नियम आहे की डेटाच्या वायरीवर सप्लायच्या ७० टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट दिसले तरच मी त्याला 'चालू' म्हणेन. आणि आपला कंट्रोलर, तो ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चा छोटा बोर्ड, ओरडून ओरडून ३.३ व्होल्टच देतो. वीतभर वायरीवर पट्टी ऐकून घेते, वायर लांबली की ऐकू येईनासं होतं. खात्रीचा इलाज म्हणजे मधे ७४एएचसीटी१२५ नावाची चिप, ती ३.३ ऐकते आणि ५ मधे ओरडते, फार महाग नाही. देशी इलाज म्हणजे पहिल्या एकाच दिव्याचा ५ व्होल्टचा पुरवठा साध्या डायोडमधून द्यायचा, ०.७ व्होल्ट डायोड खातो, त्या दिव्याला उरतात ४.३, त्याचे ७० टक्के झाले ३ व्होल्ट, म्हणजे ३.३ त्याला स्पष्ट ऐकू जातं आणि तो पुढच्याला ताजा करून ४.३ मधे सांगतो. मी आधी डायोडवालं केलं, चाललं पण, नंतर चिप टाकली कारण पावसाळी हवेत परत लुकलुक सुरू झाली. कंट्रोलर शक्यतो कंदिलातच ठेवा, पहिल्या दिव्यापाशी. आणि सप्लायचा ग्राउंड, कंट्रोलरचा ग्राउंड, पट्टीचा ग्राउंड तिन्ही एकत्र बांधलेले हवेत, नाहीतर व्होल्ट मोजायचे कुठपासून हेच त्यांचं ठरत नाही. डेटावर साडेतीनशे-चारशे ओहमचा एक रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हे दोन घालाच, कपॅसिटरची उलटसुलट बाजू बघून.

सॉफ्टवेअरचं मी म्हटलं तसं, थोडक्यात. डब्ल्यूएलईडी नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याच्या वेबसाइटवर क्रोममधून जाऊन बोर्ड यूएसबीला लावायचा, एक बटण दाबायचं, दोन मिनिटांत बोर्डात जातं. बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर दहातल्या आठ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, दुसरी लावून बघा. मग बोर्ड स्वतःचं वायफाय सोडतो, त्याला फोनने जोडायचं आणि घरच्या वायफायचं नाव द्यायचं. हे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, राउटरचं ५ वालं देऊन वाट बघत बसू नका. दिव्यांची संख्या १४४, करंट ३००० मिलिअँपिअर, आणि सहा बाय चोवीसचं जाळं नागमोडी आहे असं सांगितलं की झालं, शंभरावर इफेक्ट तयारच मिळतात. स्वतः कोड लिहायची हौस असेल त्यांच्यासाठी फास्टएलईडी नावाची कोडची लायब्ररी आहेच, पण दिवाळी चार दिवसांवर असताना नको.

आणि आता कागद, ज्यावर खरं तर सगळं अवलंबून आहे. उघडी पट्टी म्हणजे टोचणारे २४ ठिपके, बघवत नाही. एक पांढरा कागद हातात धरून हळूहळू लांब नेऊन बघा. १ सेंटिमीटरवर ठिपक्यांचे गोळे दिसतात, २ च्या आसपास ते एकमेकांत मिसळून उभा पट्टा बनतो. साधा हिशोब म्हणजे दोन दिव्यांमधे जेवढं अंतर, कागद निदान तेवढा तरी लांब हवा. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत ते पावणेदोन सेंटिमीटरच्या आत येतं, ३० वाल्यात सव्वातीन-साडेतीन. पण बाबांचा कंदील तीस सेंटिमीटर रुंद, पाइप मधोमध, म्हणजे कागद दिव्यापासून १२ सेंटिमीटरवर. तिथे पोचेपर्यंत सगळं मिसळून एकच सपाट उजेड होतो. मी मोठ्या हौशीने निवडलेले ते पळणारे ठिपके, पडणारे थेंब, सगळं कागदामागे धुऊन गेलं, दिसत काय होतं तर फक्त रंग सावकाश वरून खाली उतरताना. वाईट नव्हतं, उलट तेच जास्त शोभलं. पण मग ६० ची पट्टी कशाला आणली, ३० ची पुरली असती, निम्मे दिवे, निम्मा करंट, निम्मा सोल्डर. ज्यांना ठिपके पळताना दिसायला हवेत त्यांनी पाइपभोवतीच दोन-अडीच सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपरची नळी गुंडाळावी, बाहेरचा कागद मग नुसता सजावटीला.

बाबांनी नेहमीचा भगवा कागद आणला होता आणि यावरून आमचं वाजलं. रंगीत कागद म्हणजे गाळणी. लाल जिलेटीन लाल उजेड सोडतो आणि बाकीचा खातो, त्यामागे हिरवा दिवा लावला तर बाहेर जवळपास काळं. "म्हणजे एवढे कोटी रंग आणि कागद पांढरा?" बाबा म्हणाले. हो, पांढराच, पातळ, पतंगाचा किंवा बटर पेपर, जाड कार्डशीट नको, ते निम्मा उजेड खातं. भगवा आपण आतून करू. अजून एक म्हणजे पट्ट्या बाजूंच्या मधोमध तोंड करून हव्यात, कोपऱ्याकडे नको, नाहीतर कामटीची सावली कागदावर जाड पडते. बाबांनीच हे दाखवलं, पाइप बोटभर फिरवला आणि सावली बारीक झाली.

दव आणि परतीचा पाऊस यासाठी पट्टीच्या कापलेल्या टोकांना सिलिकॉन लावावं, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागा. कंदिलाचं वरचं तोंड उघडं ठेवा, उष्णता जायला वाट हवी. आणि झोपताना फोनवरून बंद न करता मेन स्विच बंद करा, कारण दिवे काळे दिसले तरी प्रत्येक चिप मिलिअँपिअरभर पीतच असते. विजेचं बिल विचाराल तर सरासरी १० वॉट धरले, रोज ६ तास, १० दिवस, तरी एक युनिट पण होत नाही, ०.६ होतं.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला. कागद ओला होऊन फाटलाच होता तो काढून टाकला, कामट्यांचा सांगाडा माळ्यावर, पाइप जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर, आणि पाइपच्या आत एक चिठ्ठी ठेवली, लाल पॉझिटिव्ह, काळी ग्राउंड, हिरवी डेटा, पहिली पट्टी खालून वर, ३ अँपिअरच्या वर जाऊ नये. परवा सहज काढून बघितली तर खाली बाबांच्या अक्षरात अजून एक ओळ होती: पतंगाचा कागद सहा ताव, पांढरा.